नावाच्या शेवटी ‘ऑल’ आलं म्हणजे काय? कार्बनी संयुगांची ओळख आणि त्यांची नावं

अत्तराच्या बाटलीवर ‘अल्कोहोल फ्री’ लिहिलेलं असतं. क्रीमच्या डबीवर ‘सेटाइल अल्कोहोल’, सॅनिटायझरवर ‘आयसोप्रोपाइल अल्कोहोल’, खोकल्याच्या एखाद्या औषधावर ‘इथेनॉल’ आणि साबणावर ‘ग्लिसरॉल’. यातलं काय चालतं, काय चालत नाही, यावर घरात चर्चा होते आणि शेवटी दुकानदार सांगेल ते खरं मानलं जातं. त्याच घरात दहावीचा मुलगा किंवा मुलगी राज्य मंडळाच्या विज्ञान भाग १ मधला नववा पाठ ‘कार्बनी संयुगे’ घोकत बसलेली असते. या सगळ्या नावांची किल्ली त्याच पाठात आहे. पाठ मार्कांपुरता वाचला जातो आणि बाटली अंदाजाने घेतली जाते, म्हणून आम्ही इथे दोन्ही गोष्टी एकत्र मांडतो आहोत. उदाहरणं शक्यतो आपल्या वर्धा जिल्ह्यातली घेतली आहेत.

‘सेंद्रिय’ या शब्दाचा घोळ

रसायनशास्त्राच्या या शाखेला मराठीत सेंद्रिय किंवा कार्बनी रसायनशास्त्र म्हणतात. पहिल्या नावाने गोंधळ होतो. बाजारात ‘सेंद्रिय हळद’ म्हटलं की रासायनिक खत-औषध न घालता पिकवलेली हळद. रसायनशास्त्रात मात्र सेंद्रिय म्हणजे कार्बनचं संयुग, मग ते झाडातून आलेलं असो की कारखान्यातून. कपाशीवर पूर्वी फवारलं जाणारं मोनोक्रोटोफॉस हे विषसुद्धा या अर्थाने सेंद्रियच आहे. त्यामुळे शाळेत ‘कार्बनी’ हा शब्द वापरतात ते बरंच आहे, आम्हीही तोच वापरतो.

जुन्या काळी समज असा होता की ही संयुगं फक्त सजीवांच्या शरीरातच तयार होतात आणि त्यासाठी एक ‘जैवशक्ती’ लागते. १८२८ मध्ये फ्रेडरिक व्होलर या जर्मन रसायनवैज्ञानिकाने अमोनियम सायनेट हे अकार्बनी क्षार तापवून युरिया बनवला. युरिया म्हणजे लघवीत असतो तो, आणि आज आपले शेतकरी पोत्याने आणतात तोही तोच. शरीरातला आणि कारखान्यातला, रेणू एकच. ही गोष्ट लक्षात ठेवा, लेबलाच्या प्रश्नाकडे येऊ तेव्हा पुन्हा लागेल.

आज माहीत असलेली कार्बनी संयुगं कोटींच्या घरात आहेत. कार्बन डायऑक्साइड, कार्बोनेट, सायनाइड अशी काही कार्बनची संयुगं मात्र परंपरेने अकार्बनीत धरतात.

कार्बनला एवढं काय जमतं?

कार्बनच्या अणूला चार हात आहेत असं समजा. पाठ्यपुस्तकात याला चतुःसंयुजा म्हणतात. प्रत्येक हाताने तो दुसऱ्या अणूचा हात धरतो, म्हणजे दोघं एकेक इलेक्ट्रॉन देऊन जोडी वाटून घेतात. हा सहसंयुज बंध. चारही हातांत हायड्रोजन धरला की झाला मिथेन, गोबरगॅसमधला जळणारा वायू.

पण चार हात तर सिलिकॉनलाही असतात. समुद्रपूर तालुक्यात गिरडला बाबा फरीद यांच्या दर्ग्याची टेकडी आहे. तिथे सापडणाऱ्या गोलसर दगडांची आख्यायिका जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. भूवैज्ञानिक त्या दगडांना झिओलाइट म्हणतात. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या जाळीचं ते खनिज, त्या जाळीत पाणी अडकलेलं असतं. तापवलं तर पाणी निघून जातं, पण खनिज जळत नाही आणि काळं पडत नाही. साखर, कापूस, भाकरी, लाकूड मात्र तापवल्यावर आधी काळं पडतं. ते काळं म्हणजेच कार्बन. स्वयंपाकघरातली ही चाचणी ढोबळ आहे, पण समजायला चांगली आहे.

सिलिकॉन मधे ऑक्सिजन घेऊन जाळी विणतो. कार्बन दुसऱ्या कार्बनचाच हात धरतो, तो तिसऱ्याचा, आणि अशी साखळी हजारो अणूंपर्यंत लांबू शकते. याला शृंखलाबंधन म्हणतात. हिंगणघाटच्या कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोजचा, ग्लुकोजचे हजारो मणी ओवलेली माळच. साखळी सरळ असते, फाटे फुटलेली असते, वळून कडीही होते. म्हणून कार्बनची संयुगं कोटींवर गेली, आणि म्हणूनच नावांचा प्रश्न उभा राहिला.

नाव कसं बनतं

सुरुवातीला ज्याच्यातून पदार्थ मिळाला त्यावरून नाव पडायचं. मुंगीला लॅटिनमध्ये फॉर्मिका म्हणतात, तिच्यातून मिळालं ते फॉर्मिक ॲसिड. सिरक्याला ॲसिटम, म्हणून ॲसिटिक ॲसिड. लोण्याला ब्युटिरम, म्हणून ब्युटिरिक ॲसिड. दहा-वीस पदार्थ असतील तोवर हे चालतं. १८९२ मध्ये जिनिव्हात युरोपातले रसायनतज्ज्ञ जमले आणि नाव वाचून रेणूची रचना काढता यावी असे नियम त्यांनी ठरवले. १९१९ मध्ये आययूपॅक ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिने पुढे हे काम हाती घेतलं. आपल्या पुस्तकातली ‘आययूपॅक नामकरण पद्धती’ ती हीच.

नावाचे तीन तुकडे असतात. मधला तुकडा साखळीत कार्बन किती ते सांगतो, शेवटचा संयुग कोणत्या कुळातलं ते सांगतो आणि पुढे जोडलेला फाटे सांगतो.

कार्बनच्या संख्येचे पहिले चार शब्द पाठच करावे लागतात. एक कार्बन मिथ, दोन इथ, तीन प्रोप, चार ब्यूट. यातला ब्यूट त्याच लोण्यावरून आला आहे. पाचपासून पुढे मात्र आपल्या घरांना घोकायची गरजच नाही. ग्रीक, लॅटिन, फारसी आणि संस्कृत या भाषा एकाच मोठ्या कुटुंबातल्या असल्यामुळे आकडे ओळखीचे निघतात. पाच म्हणजे पेंट, फारसीत पंज, संस्कृतात पंच. सहा म्हणजे हेक्झ, तिकडे शश, इकडे षट्. सात म्हणजे हेप्ट, फारसीत हफ्त, ज्यावरून आपला हफ्ता आला, आणि मराठीत सप्ताह. आठ म्हणजे ऑक्ट, हश्त, अष्ट. नऊ नोन, दहा डेक. ज्या मुलाला ‘हफ्ता सात दिवसांचा’ हे कळतं, त्याला हेप्टेनमध्ये किती कार्बन हे कुणी शिकवावं लागत नाही.

उर्दू माध्यमातून येणाऱ्या मुलांसाठी एक वेगळी सूचना. दहावीनंतर अकरावी सायन्सला इंग्रजी माध्यम येतं आणि पहिल्या महिन्यात शब्दांनीच घाबरायला होतं. अन्सर म्हणजे मूलद्रव्य, मुरक्कब म्हणजे संयुग, हे बदलतं. पण २-मिथाइलप्रोपेन हे नाव उर्दू, मराठी, इंग्रजी तिन्हीत तेच राहतं. नामकरण पक्कं करून गेलेल्या मुलाला कार्बनी रसायनाचा अर्धा पाया भाषा बदलूनही तसाच हाती असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत करायचं एकच काम सांगायचं तर आम्ही हेच सांगू.

आता शेवटचा तुकडा. कार्बन-कार्बनमध्ये सगळे एकेरी बंध असतील तर शेवटी ‘एन’ येतो: इथेन, प्रोपेन, ब्यूटेन. हे संपृक्त हायड्रोकार्बन. कुठे दुहेरी बंध असेल तर ‘ईन’: इथीन, प्रोपीन. तिहेरी असेल तर ‘आइन’: इथाइन, म्हणजे वेल्डिंगवाल्याचा ॲसिटिलीन. सरकीच्या तेलातल्या बऱ्याच साखळ्यांत दुहेरी बंध असतात, म्हणून ते पातळ राहतं. त्यात निकेल उत्प्रेरक वापरून हायड्रोजन घातला की दुहेरी बंध भरले जातात आणि तेल घट्ट होतं, ते वनस्पती तूप.

साखळीवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसली तर शेवटी ‘ऑल’ येतं, हे अल्कोहोलचं कूळ. ‘ॲल’ आलं तर अल्डिहाइड, ‘ओन’ आलं तर कीटोन, ‘ऑइक ॲसिड’ आलं तर कार्बोक्झिलिक आम्ल. ऑ आणि ॲ यांतला फरक उच्चारात बारीक आहे, रेणूत मोठा आहे.

मुलं जिथे हमखास मार्क घालवतात ती जागा म्हणजे सर्वांत लांब साखळी शोधणं. कागदावर आडवी दिसते तीच लांब असं धरून चालतात. समजा चार कार्बन आडवे आहेत आणि दुसऱ्या कार्बनवर दोन कार्बनांचा फाटा खाली लोंबतो आहे. मुलं लिहितात २-इथाइलब्यूटेन. पण खालच्या फाट्यातून सुरुवात करून मोजलं तर सलग पाच कार्बन मिळतात, आणि फाटा उरतो एकाच कार्बनचा, मधोमध. बरोबर नाव ३-मिथाइलपेंटेन. बोट ठेवून प्रत्येक टोकापासून मोजायची सवय लावा.

क्रमांक द्यायचे ते क्रियात्मक गट किंवा दुहेरी बंध ज्या टोकाला जवळ असेल त्या टोकाकडून. ते नसतील तर फाट्याच्या जवळच्या टोकाकडून. आकडा आणि अक्षर यांच्यात आडवी रेघ, दोन आकड्यांत स्वल्पविराम. सॅनिटायझरमधलं आयसोप्रोपाइल अल्कोहोल हे प्रोपॅन-२-ऑल, म्हणजे तीन कार्बन आणि गट मधल्या कार्बनवर. गट टोकाला असता तर प्रोपॅन-१-ऑल झालं असतं. अणू तेवढेच, मांडणी वेगळी, पदार्थ वेगळा. याला समघटकता म्हणतात. घरच्या सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि त्याचाच समघटक २-मिथाइलप्रोपेन दोन्ही असतात. गॅसचा जो वास येतो तो या दोघांचा नाही. गळती कळावी म्हणून इथेनथायॉलसारखं गंधकयुक्त संयुग मुद्दाम मिसळतात.

एका कार्बनचा फरक

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. तरीही चोरून येणारी आणि चोरून गाळली जाणारी दारू जिल्ह्याला नवी नाही. अशा दारूच्या बाटलीवर लेबल नसतं, त्यामुळे आत इथेनॉल आहे की मिथेनॉल हे पिणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

इथेनॉल दोन कार्बनांचं, मिथेनॉल एका कार्बनचं. दोन्ही रंगहीन, दोन्ही पाण्यात मिसळणारी, वासही बराच सारखा. पण यकृतात गेल्यावर दोघांची नावं कशी बदलतात ते पाहा. इथेनॉलचं होतं इथेनॅल आणि त्याचं इथेनॉइक ॲसिड. हे सिरक्यातलं आम्ल, शरीर ते ऊर्जेसाठी वापरून टाकतं. मिथेनॉलचं होतं मिथेनॅल, म्हणजे फॉर्मॅल्डिहाइड. याचंच पाण्यातलं द्रावण म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयात मृतदेह टिकवायला वापरतात ते फॉर्मलिन. पुढे त्याचं मिथेनॉइक ॲसिड होतं, मुंगीचं आम्ल. मुंगी चावली तर थेंबाचाही अंश येतो आणि आग होते. इथे ते रक्तात साठत जातं, पेशींचा श्वास अडवतं, आणि डोळ्यांची नस त्याला सर्वांत आधी बळी पडते. शुद्ध मिथेनॉल दहा मिलिलीटर, म्हणजे दोन चमचे पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते.

जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी भागात मिथेनॉल असलेल्या दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वणी इथे एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दारू मिळत नव्हती म्हणून सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले.

हा धोका फक्त पिणाऱ्यांच्या घराला आहे असं समजू नका. रंगकाम आणि पॉलिशच्या काही थिनरमध्ये मिथेनॉल असतं, आणि ते पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. लहान मूल ती बाटली तोंडाला लावू शकतं. घातक भाग असा की लक्षणं लगेच दिसत नाहीत. बारा-चोवीस तास माणूस बरा वाटतो, मग उलट्या, पोटदुखी, धाप आणि डोळ्यांपुढे पांढरं धुकं. पोटात गेल्याचा संशय आला की लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठायचा आणि बाटली सोबत न्यायची. दवाखान्यात फोमेपिझोल देतात, ते नसेल तर मोजून इथेनॉल देतात. यकृतातलं विकर इथेनॉलला आधी हात घालतं, तोवर मिथेनॉल विष न बनता बाहेर पडायला वेळ मिळतो. पण हा उपाय मापात आणि रक्त तपासत डॉक्टरांनीच करायचा. ‘दारूवर दारू’ म्हणून घरी करण्याचा हा प्रकार नाही.

मग लेबलवरच्या ‘अल्कोहोल’चं काय?

हा शब्द मुळात अरबी. अल-कुहल म्हणजे सुरम्याची बारीक भुकटी. पुढे युरोपात त्याचा अर्थ ‘कशाचाही शुद्ध अर्क’ असा झाला, मग ‘दारूचा अर्क’ असा, आणि शेवटी रसायनशास्त्रात एका अख्ख्या कुळाचं नाव पडलं. बाजारात अल्कोहोल म्हटलं की बहुतेक वेळा इथेनॉल. रसायनशास्त्रात अल्कोहोल म्हणजे ‘ऑल’वाले सगळे. गोंधळ इथून सुरू होतो.

सेटाइल अल्कोहोलचं नाव हेक्झाडेकॅन-१-ऑल. हेक्झ सहा, डेक दहा, म्हणजे सोळा कार्बन. हा मेणासारखा घट्ट पदार्थ आहे, क्रीम दाट करायला वापरतात, त्याने नशा येत नाही. ग्लिसरॉल म्हणजे प्रोपेन-१,२,३-ट्रायऑल: तीन कार्बन, तिन्हींवर गट, चवीला गोड. गुलाबपाण्याच्या वासात मोठा वाटा २-फिनाइलइथेनॉलचा. चंदनाच्या तेलातला मुख्य घटक सँटालॉल, आणि पारंपरिक अत्तर याच तेलात उतरवतात. म्हणजे ‘अल्कोहोल फ्री’ अत्तरातही रसायनशास्त्राच्या अर्थाने ‘ऑल’ कुळातले रेणू असतातच. त्या लेबलचा अर्थ एवढाच की त्यात इथेनॉल मिसळलेलं नाही.

वापरावं की नाही हा मसला उलेमांचा आहे, आमचा नाही. पण त्यांना विचारायला जाताना ‘यात अल्कोहोल आहे का’ असं मोघम विचारण्यापेक्षा घटकाचं पूर्ण नाव कागदावर उतरवून न्या. प्रश्न नेमका असेल तर उत्तरही नेमकं मिळतं.

नावाची एक मर्यादाही सांगायला हवी. नावावरून रचना कळते, उगम कळत नाही. ग्लिसरॉल पामतेलातून निघतं तसं जनावराच्या चरबीतूनही निघतं, आणि व्होलरच्या युरियासारखंच, दोन्हीकडचा रेणू एकच असतो. तो कुठून आला हे आययूपॅकचं नाव कधीच सांगणार नाही. त्यासाठी पाकिटावरची हिरवी किंवा तपकिरी खूण, प्रमाणपत्र नाहीतर कंपनीला विचारणं, हेच मार्ग आहेत.

जरा मोठं नाव सोडवून पाहा

समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. करक्युमिन सहा टक्क्यांहून जास्त, ही तिची ओळख. या करक्युमिनचं पद्धतशीर नाव असं: १,७-बिस(४-हायड्रॉक्सी-३-मिथॉक्सीफिनाइल)हेप्टा-१,६-डायीन-३,५-डायओन.

घाबरू नका, मागून वाचा. ‘डायओन’ म्हणजे दोन कीटोन गट, तिसऱ्या आणि पाचव्या कार्बनवर. ‘डायीन’ म्हणजे दोन दुहेरी बंध, पहिल्या आणि सहाव्या कार्बनपासून. ‘हेप्टा’ म्हणजे सात कार्बनांची साखळी. ‘१,७-बिस’ म्हणजे साखळीच्या दोन्ही टोकांना कंसातला गट एकेक. कंसातल्या ‘फिनाइल’मध्ये सहा कार्बनांची कडी, ‘मिथॉक्सी’त एक कार्बन, म्हणजे एका टोकाला सात आणि दोन्ही मिळून चौदा. त्यात साखळीचे सात मिळवले की एकवीस. करक्युमिनच्या रेणूत कार्बनचे एकवीसच अणू आहेत. ऑक्सिजनही असेच मोजा, सहा यायला हवेत.

यात एक गंमत आहे, नीटची तयारी करणाऱ्यांनी टिपून ठेवावी. करक्युमिनमध्ये ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट दोन आहेत, तरी नावाच्या शेवटी ‘ऑल’ नाही. कारण कीटोनचा मान अल्कोहोलच्या वर आहे. वरचा गट हजर असला की शेवटची जागा त्याची, आणि खालच्याने ‘हायड्रॉक्सी’ म्हणून पुढे उभं राहायचं. हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो त्यामागेही हेच गट आहेत. साबणाचा अल्कधर्मीपणा त्यांच्यातला हायड्रोजन काढून घेतो आणि रंग बदलतो. कपडा उन्हात टाकला तर प्रकाशाने करक्युमिनचा रेणू तुटत जातो आणि डाग हळूहळू फिका पडतो.